घरच्या घरी फिशिंग रॉड कसा बांधावा: ब्लँकच्या निवडीपासून शेवटच्या लेपापर्यंत

घरी फिशिंग रॉड बांधायचा म्हटले की नवशिक्याला वाटते, ती लवचीक काठीही आपल्यालाच घडवायची असेल. तो भाग मात्र कारखान्यातूनच येतो. राळ मुरवलेले कार्बनचे किंवा काचतंतूंचे कापड निमुळत्या पोलादी सळईवर घट्ट गुंडाळतात, वरून फितीचा दाब देऊन ते भट्टीत भाजतात आणि मग सळई ओढून काढतात. मागे जी पोकळ, निमुळती नळी उरते तिला ब्लँक म्हणतात. आपल्याकडे काम उरते ते या ब्लँकवर मूठ, रील सीट (दोरी गुंडाळायचे रील जिथे बसते तो भाग) आणि गाइड (दोरी ज्यांतून ओवतात त्या कड्या) बसवण्याचे, गाइड धाग्याने बांधण्याचे आणि त्यावर इपॉक्सीचा, म्हणजे दोन द्रव मिसळून घट्ट होणाऱ्या राळेचा, लेप चढवण्याचे. मुठीची लांबी, रीलची जागा आणि गाइडांमधली अंतरे या तीन गोष्टी कारखान्यात सरासरी माणसाच्या आणि सरासरी रीलच्या हिशोबाने ठरतात. घरी बांधताना त्या आपल्या हाताच्या आणि आपल्या रीलच्या हिशोबाने ठरवता येतात, आणि रॉड स्वतः बांधण्याचा खरा फायदा तोच आहे.

सुरुवात करण्यापूर्वी एक गोष्ट मनाशी पक्की करावी. इपॉक्सी लागेपर्यंत या कामातले जवळपास सगळे निर्णय फिरवता येतात आणि ती घट्ट झाल्यावर जवळपास एकही फिरवता येत नाही. म्हणून प्रत्येक भाग आधी सुका बसवून पाहावा, पेन्सिलीने किंवा टेपने खूण करावी, रील लावून रॉड हातात धरावा आणि मगच चिकटवण्याकडे वळावे. पुढच्या मजकुरात सुक्या कामालाच जास्त जागा दिली आहे, ती याच कारणाने.

ब्लँक कसा निवडावा

ब्लँकच्या माहितीपत्रकात लांबी, ताकद, वाक, दोरीचे वजन (म्हणजे ती किती भाराला तुटते ते), ल्यूरचे, म्हणजे कृत्रिम आमिषाचे, वजन आणि दोन्ही टोकांचे व्यास दिलेले असतात. ताकद म्हणजे ब्लँक वाकवायला किती जोर लागतो, आणि वाक म्हणजे तो लांबीच्या कोणत्या भागात वाकतो. नवशिक्यांकडून या दोहोंची गल्लत फार होते. ‘फास्ट’ वाकाचा ब्लँक मुख्यतः शेंड्याकडच्या साधारण एक तृतीयांश भागात वाकतो, ‘मॉडरेट’ मध्यापर्यंत, आणि ‘स्लो’ थेट मुठीपर्यंत. ताकदीच्या ‘लाइट’, ‘मीडियम’, ‘हेवी’ अशा श्रेण्या उत्पादकागणिक बदलतात, त्यामुळे त्या शब्दांपेक्षा दोरी आणि ल्यूर यांच्या वजनांचे आकडे पाहणे अधिक भरवशाचे आहे.

एके काळी उत्तम रॉड बांबूच्या सहा त्रिकोणी पट्ट्या जोडून बनवत. दुसऱ्या महायुद्धानंतर फायबरग्लासने त्यांची जागा घेतली आणि १९७३ साली फेनविक कंपनीने कार्बनचे, म्हणजे ग्रॅफाइटचे, रॉड बाजारात आणले. कार्बनचा ब्लँक हलका असतो, वाकवून सोडला की झटकन सरळ होतो आणि माशाची हलकीशी हालचालही हातापर्यंत पोहोचवतो. मात्र टणक वस्तूवर आपटला किंवा त्याला खोल ओरखडा गेला, तर तो पुढे कधीतरी अचानक तुटू शकतो. फायबरग्लास जड आणि संथ असले तरी असा मार बराच सोसते. दोहोंच्या मिश्रणाचेही ब्लँक मिळतात.

पहिल्या रॉडसाठी ७ फूट लांबीचा, मीडियम ताकदीचा, स्पिनिंग रीलसाठी (जे रॉडच्या खालच्या बाजूला बसते) योग्य असा ब्लँक घ्यावा. स्पिनिंग रॉडची गाइड खालच्या बाजूला असतात, त्यामुळे त्यांच्या मांडणीत थोडे कमीजास्त झाले तरी चालून जाते. कास्टिंग रॉडवर, म्हणजे रील वरच्या बाजूला बसणाऱ्या रॉडवर, गाइड वर असतात आणि तिथे दोरी ब्लँकला घासणार नाही याची काळजी जास्त घ्यावी लागते. नेण्याआणण्याची अडचण नसेल तर एकसंध ब्लँक घ्यावा. दोन तुकड्यांच्या ब्लँकमध्ये सांध्याच्या तोंडाशी धाग्याची वेगळी गुंडाळी द्यावीच लागते, नाहीतर वाकताना तिथे नळी चिरण्याचा धोका असतो.

साहित्य

ब्लँकव्यतिरिक्त रील सीट, बुचाची किंवा ईव्हीए फोमची मूठ, बुडाची टोपी, मूठ जिथे संपते तिथे बसणारी छोटी कडी, गाइडांचा संच आणि शेंड्यावरचे टिप-टॉप एवढे भाग लागतात. टिप-टॉपच्या नळीचे माप इंचाच्या चौसष्टाव्या भागांत सांगतात, ५.५ मापाची नळी म्हणजे साधारण २.२ मिलिमीटर व्यासाची. गाइडांच्या कड्यांची मापे मात्र मिलिमीटरमध्ये असतात. गाइडच्या चौकटीत बसवलेली कडी ॲल्युमिनियम ऑक्साइडची किंवा सिलिकॉन कार्बाइडची असते. सिलिकॉन कार्बाइड अधिक टणक असते आणि उष्णता लवकर वाहून नेते, पण पहिल्या रॉडला ॲल्युमिनियम ऑक्साइड पुरेसे आहे. समुद्राकाठी वापर होणार असेल तर चौकट चांगल्या प्रतीच्या गंजरोधक पोलादाची घ्यावी, इथे काटकसर करू नये.

धागा रॉडसाठीच बनवलेला नायलॉनचा घ्यावा. ‘ए’ मापाचा धागा बारीक असतो आणि बहुतेक रॉडना तोच वापरतात; ‘डी’ जाड असतो आणि तो जड, समुद्री रॉडसाठी बरा. साध्या नायलॉनवर इपॉक्सी चढली की रंग गडद होतो आणि धागा थोडा पारदर्शक होऊन खालचा गाइडचा धातूचा पाय (ब्लँकवर टेकणारी पट्टी) दिसू लागतो. हे टाळायचे असेल तर रंग टिकवणारी प्रक्रिया आधीच केलेला धागा मिळतो. रंगरक्षक द्रव वरून लावण्याचाही मार्ग आहे, पण तो पूर्ण सुकला नाही तर पुढचा लेप बिघडतो, आणि इपॉक्सी धाग्यात जितकी मुरायला हवी तितकी मुरत नाही. नवशिक्याने त्या फंदात पडू नये.

इपॉक्सी दोन वेगवेगळ्या लागतात. मूठ आणि रील सीट चिकटवायला घट्ट, सावकाश सेट होणारी इपॉक्सी, आणि धाग्यावर लेप द्यायला पातळ, पारदर्शक, रॉडसाठीच बनवलेली इपॉक्सी. पाच मिनिटांत सेट होणारी इपॉक्सी मुठीसाठी वापरू नये, कारण मूठ जागेवर सरकवून सरळ करेपर्यंतच ती धरू लागते. याशिवाय मास्किंग टेप, आयसोप्रोपिल अल्कोहोल, नायट्राइलचे हातमोजे, बारीक कानस, धारदार ब्लेड, पॉलिश पेपर, मोजपट्टी, सुया नसलेल्या दोन सिरिंज आणि दोनचार मऊ ब्रश जवळ असावेत.

धागा गुंडाळण्यासाठी यंत्र विकत घेण्याची गरज नाही. पुठ्ठ्याच्या मजबूत खोक्याच्या समोरासमोरच्या कडांना इंग्रजी ‘व्ही’ अक्षराच्या आकाराच्या खाचा कापून त्यांना आतून गुळगुळीत टेप लावला की ब्लँक त्यांवर फिरतो. धाग्याचे रीळ एका कपात ठेवावे, धागा जाडजूड पुस्तकाच्या पानांमधून ओढून घ्यावा आणि पुस्तकावर वजन ठेवावे. वजन कमीजास्त केले की धाग्याचा ताण बदलतो.

कणा आणि सरळपणा

गुंडाळलेल्या कापडाची कड जिथे एकावर एक येते तिथे ब्लँकची एक बाजू किंचित जास्त ताठ राहते. या बाजूला कणा म्हणतात. ती शोधायची तर बुड गुळगुळीत पृष्ठभागावर टेकवावे, शेंड्याकडचा भाग एका हाताच्या तळव्यावर सैल ठेवावा आणि दुसऱ्या हाताने ब्लँकचा मधला भाग खाली दाबावा. दाबताच ब्लँक आपोआप फिरून एका स्थितीत स्थिर होतो. या स्थितीत वाकाच्या आतल्या आणि बाहेरच्या अशा दोन्ही बाजूंना टेपने खूण करावी.

या खुणेप्रमाणेच गाइड बसवली पाहिजेत, नाहीतर मासा लागल्यावर रॉड हातात पिळेल, असे अनेक जण ठामपणे सांगतात. मला हे फारसे पटत नाही. भार आला की दोरी ब्लँकच्या खाली जाऊ पाहते. गाइड वर असतील तर कणा कुठेही असला तरी रॉड पिळू पाहणारच, आणि गाइड खाली असतील तर दोरी आधीच आपल्या जागी असते. त्यापेक्षा ब्लँकचा सरळपणा पाहणे अधिक उपयोगाचे आहे. फार थोडे ब्लँक अगदी सुतासारखे सरळ असतात. डोळ्यासमोर धरून हळूहळू फिरवले की शेंड्याचा किंचित बाक दिसतो. तो उभ्या रेषेत येईल आणि समोरून पाहताना रॉड डावीउजवीकडे झुकलेला दिसणार नाही अशी बाजू गाइडांसाठी निवडावी. कणा आणि सरळ बाजू एकाच रेषेत आल्या तर उत्तमच. पण दोहोंपैकी एक निवडायची वेळ आली तर सरळ बाजू निवडावी. निवडलेल्या बाजूवर बुडापासून शेंड्यापर्यंत चारपाच ठिकाणी टेपच्या छोट्या खुणा कराव्यात. पुढचे सारे काम याच रेषेवर चालते.

टिप-टॉप याच टप्प्यावर बसवून घ्यावे. त्यासाठी गरम करून वितळवायचा गोंद वापरावा, इपॉक्सी वापरू नये, कारण शेंड्यावरची कडी कधी ना कधी बदलावी लागतेच आणि गोंद पुन्हा तापवून ती सहज काढता येते. उष्णता टिप-टॉपच्या धातूच्या नळीला द्यावी, ब्लँकला देऊ नये. कार्बनच्या ब्लँकमधली राळ ज्योतीने खराब होते आणि शेंडा तिथेच दुबळा होतो.

मूठ आणि रील सीट

मुठीची लांबी ठरवण्यासाठी रीलचा दांडा बोटांमध्ये येईल अशा रीतीने ब्लँक हातात धरावा आणि बुड कोपरापर्यंत किंवा त्याच्या जरासे पुढे पोहोचते का ते पाहावे. एका हाताने फेकायच्या रॉडला एवढी लांबी पुरते. दोन्ही हातांनी लांब फेकायचा रॉड असेल तर मागची मूठ आणखी लांब ठेवावी. ही लांबी ठरली की रील सीटची जागा आपोआप ठरते.

ब्लँक बुडाकडे जाड होत जातो, म्हणून सगळे भाग शेंड्याच्या बाजूने घालून खाली सरकवावे लागतात. क्रम असा: आधी मागची मूठ, मग रील सीट, मग पुढची मूठ आणि शेवटी कडी. बुचाच्या तयार मुठीचे भोक सहसा ब्लँकपेक्षा लहान असते. ते गोल कानशीने किंवा काठीभोवती पॉलिश पेपर गुंडाळून वाढवावे. वाढवताना दोनचार वेळा फिरवले की मूठ ब्लँकवर घालून पाहावी, कारण बूच फार लवकर निघते आणि एकदा सैल झालेले भोक लहान करता येत नाही. हाताच्या बेताच्या जोराने मूठ जागेवर जावी. ठोकावी लागली तर भोक अजून लहान आहे, आणि आपोआप घसरत गेली तर ते जास्त मोठे झाले आहे. भोकही ब्लँकप्रमाणे निमुळते असले पाहिजे, नाहीतर मूठ एका टोकाला घट्ट आणि दुसऱ्या टोकाला पोकळ राहते.

रील सीटचे आतले भोक ब्लँकपेक्षा बरेच मोठे असते. ही पोकळी भरण्यासाठी ब्लँकवर मास्किंग टेपचे तीनचार जाड वेढे, मध्ये सुमारे ५ ते ८ मिलिमीटर जागा सोडून, गुंडाळतात. रील सीट या वेढ्यांवर नेमकी बसली पाहिजे. प्रत्येक वेढ्याला आडवी खाच पाडावी, म्हणजे इपॉक्सी एका कप्प्यातून दुसऱ्या कप्प्यात जाते. रील सीटला खरा आधार या कप्प्यांमधल्या इपॉक्सीचा असतो. टेप फक्त तिला मधोमध धरून ठेवतो. काही जण अख्खी लांबी टेपने भरून काढतात. तसे करू नये, कारण पाणी शिरून टेपचा गोंद सुटला की रील सीट फिरू लागते.

चिकटवण्यापूर्वी मुठीखाली येणाऱ्या भागाची चकाकी २२० क्रमांकाच्या पॉलिश पेपरने हलकेच घालवावी. नुसती चकाकी जावी, खालचे तंतू उघडे पडू नयेत. कार्बनची धूळ श्वासातून आत जाऊ नये म्हणून पेपर ओला करून घासावा आणि मास्क लावावा. मग अल्कोहोलने पुसून तो भाग पूर्ण सुकू द्यावा. मुठीच्या जागेवर इपॉक्सी लावून मूठ गोल फिरवत खाली सरकवावी, म्हणजे इपॉक्सी सगळीकडे सारखी पसरते. रील सीट बसवली की लगेच रील लावून ती टेपच्या खुणांच्या रेषेत आहे का हे मागून पाहावे आणि मग रील काढून घ्यावे. बाहेर आलेली इपॉक्सी ओली असतानाच अल्कोहोलच्या फडक्याने पुसावी. रील सीटच्या आट्यांमध्ये ती थोडीही राहू देऊ नये. नंतर रॉड रात्रभर उभा ठेवावा.

गाइडांची मांडणी

रॉड चांगला होणार की वाईट हे बहुतांशी इथे ठरते, म्हणून या टप्प्याला एक पूर्ण संध्याकाळ दिली तरी ती जास्त होणार नाही. स्पिनिंग रीलवरून दोरी मोठ्या वेटोळ्यांनी सुटते. बुडाकडचे पहिले गाइड मोठे आणि उंच असते ते ही वेटोळी आवरण्यासाठी, आणि त्यापुढची गाइड क्रमाने लहान होत जातात. ढोबळ नियम असा की रॉडची लांबी जितके फूट तितकी गाइड असावीत आणि शिवाय टिप-टॉप. एखादे जास्त झाले तरी चालते. कमी पडली तर दोन गाइडांमध्ये दोरी वाकाला सोडून सरळ धावते आणि ब्लँकच्या एका भागावर ताण एकवटतो.

७ फुटी स्पिनिंग रॉडसाठी २५, १६, १२, १०, ८, ८ आणि ८ मिलिमीटरची सात गाइड घेऊन सुरुवात करता येते. शेंड्यापासून पहिले गाइड ४ इंचांवर ठेवावे. त्यापुढची अंतरे ४¾, ५¾, ६¾, ८, ९¾ आणि १२ इंच अशी वाढत जातील. म्हणजे सर्वात मोठे गाइड शेंड्यापासून ५१ इंचांवर आणि बुडापासून ३३ इंचांवर येईल. रीलच्या स्पूलपासून (दोरी गुंडाळलेल्या भागापासून) ते साधारण १८ ते २० इंच पुढे पडले पाहिजे. हे आकडे फक्त आरंभासाठी आहेत. प्रत्येक ब्लँकचा वाक वेगळा असल्यामुळे त्यांची परीक्षा भार लावूनच घ्यावी लागते.

गाइड ब्लँकवर टेपच्या अरुंद पट्ट्यांनी किंवा रबरी नळीच्या बारीक चकत्यांनी अडकवावीत. रील लावून दोरी सगळ्या गाइडांमधून ओवावी, बुड पक्के बांधून रॉड आडवा ठेवावा आणि दोरीला वजन लावून शेंडा हळूहळू वाकवावा. काटकोनापेक्षा जास्त वाकवू नये आणि शेंडा हाताने धरून तर कधीच ओढू नये. आता बाजूने पाहावे. दोरी प्रत्येक गाइडपाशी थोडी थोडी वळत ब्लँकच्या वाकाबरोबर गेली पाहिजे. एखाद्या गाइडपाशी ती एकदम मोठा कोन करत असेल तर शेजारची गाइड तिकडे सरकवावीत. दोन गाइडांच्या मधे दोरी ब्लँकपासून फार दूर जात असेल तर ती गाइड जवळ आणावीत. भार काढून, अर्धा इंच इकडे, पाव इंच तिकडे करत, पुन्हा पाहावे. समाधान झाले की रॉड मोकळ्या जागी नेऊन टेपवरच्या गाइडांनीच हलक्या वजनाने दोनचार फेका घेऊन पाहाव्यात. इतके झाल्यावर प्रत्येक गाइडची जागा मोजून कागदावर लिहून ठेवावी, कारण बांधताना गाइड काढावी लागणार आहेत.

धाग्याने बांधणे

गाइडच्या पायाचे टोक बहुधा बोथट असते. धागा ब्लँकवरून पायावर चढताना या पायरीपाशी घसरतो आणि तिथे फट पडते. ती टाळण्यासाठी पायाचे टोक वरच्या बाजूने कानशीने घासून पातळ, उताराचे करावे, आणि मग तळाची कड बोटाने चाचपून तिथे धातूची धार राहिली असेल तर ती पॉलिश पेपरने घालवावी. ही धार तशीच राहिली तर रॉड वाकताना ती ब्लँकमध्ये रुतते. याच वेळी प्रत्येक कडीच्या आतून कापसाचा बोळा फिरवावा. कापसाचा तंतू अडकला तर कडीला तडा आहे असे समजून ते गाइड बाजूला ठेवावे.

गाइड रेषेवर बसवून त्याचा एक पाय टेपने धरावा आणि दुसऱ्यापासून सुरुवात करावी. पायाच्या टोकाच्या अलीकडे ४-५ मिलिमीटरवर धागा ब्लँकभोवती एकदा घेऊन स्वतःवरूनच पलीकडे न्यावा, म्हणजे मोकळे टोक पुढच्या वेढ्यांखाली दाबले जाईल. पाचसहा वेढे झाले की हे टोक ब्लेडने कापावे. ब्लेड आडवे धरून धागाच कापावा, ब्लँकला धार लागू देऊ नये. मग ब्लँक सावकाश फिरवत जावे. वेढे एकमेकांना चिकटून पडले पाहिजेत, एकावर एक चढता कामा नयेत. बारीक फट दिसली तर नखाने वेढे मागे सरकवून ती लगेच बुजवावी, पुढे गेल्यावर ती बुजत नाही. पायावर चढतानाचे पहिले दोनतीन वेढे सर्वात अवघड असतात. तिथे गती अगदी कमी करावी आणि अंगठ्याने वेढे जागेवर धरावेत.

गुंडाळी संपायला आठदहा वेढे उरले की जाड धाग्याचा एक दुमडलेला फास वेढ्यांवर ठेवावा. फासाचे तोंड गुंडाळी ज्या दिशेने चालली आहे तिकडे असावे, आणि उरलेले वेढे त्याच्यावरून घ्यावेत. शेवटचा वेढा अंगठ्याने दाबून धागा चार बोटे सोडून कापावा, ते टोक फासात घालावे आणि फासाची मोकळी टोके मागे ओढावीत. फासाबरोबर धाग्याचे टोक वेढ्यांखाली ओढले जाऊन मधून बाहेर येते. ते ताणून धरून अगदी वेढ्यांच्या सपाटीला कापावे, म्हणजे सुटल्यावर ते आत जाते. एकपायी गाइड असेल तर पायाच्या पुढच्या बाजूलाही, गाइड पुढे निसटू नये म्हणून, तीनचार वेढे घ्यावेत.

ताण किती असावा याची खूण अशी की बांधून झाल्यावरही गाइड बोटाच्या चांगल्या जोराने किंचित डावीउजवीकडे हलावे. सगळी गाइड बांधून झाल्यावर बुडाकडून एक डोळा मिटून पाहावे आणि जे रेषेबाहेर दिसेल ते ढकलून सरळ करावे. गुळगुळीत, बोथट वस्तूने, पेनच्या टोपणानेही चालते, वेढे चोळले की उरलेल्या बारीक फटी मिटतात. धाग्याचे केस उभे राहिले असतील तर लायटरची ज्योत क्षणभर लांबून फिरवावी. लांबी, ताकद आणि दोरीचे वजन मुठीच्या पुढे ब्लँकवर लिहायचे असेल तर तेही आताच लिहावे, म्हणजे लेपाखाली ते सुरक्षित राहील. निवडलेली शाई इपॉक्सीत विरघळत नाही ना, हे आधी टाकाऊ तुकड्यावर पाहावे.

इपॉक्सीचा लेप

लेपाची इपॉक्सी बहुधा राळ आणि हार्डनर (तिला घट्ट करणारा द्रव) समप्रमाणात मिसळून होते. तरी डब्यावरची सूचना वाचावी. दोन्हींसाठी वेगळ्या सिरिंज ठेवाव्यात आणि त्यांची अदलाबदल कधीही होऊ देऊ नये. गरज थोड्याच इपॉक्सीची असली तरी प्रत्येकी ३ मिलिलिटरपेक्षा कमी घेऊ नये, कारण मात्रा लहान असली की मापातली किंचित चूकही प्रमाण बिघडवते आणि लेप कायम चिकट राहतो. कपाच्या कडा आणि तळ खरवडत, फेस न आणता, तीन ते पाच मिनिटे सावकाश ढवळावे. मग मिश्रण ॲल्युमिनियमच्या पत्र्यावर पातळ ओतावे. राळ आणि हार्डनर यांच्या क्रियेत उष्णता तयार होते. कपात ती साठून मिश्रण लवकर घट्ट होते, तर पसरट पत्र्यावर ती निघून जाते, बुडबुडेही वर येऊन फुटतात आणि कामाला जास्त वेळ मिळतो.

खोलीत धूळ आणि दमटपणा कमी असावा, तापमान २१ ते २५ अंश सेल्सियसच्या आसपास असावे. थंडीत इपॉक्सी दाट होऊन बुडबुडे धरून ठेवते, दमट हवेत तिच्यावर तेलकट पांढुरका थर येऊ शकतो. सिलिकॉनचा अंशही जवळ नको. फर्निचरच्या पॉलिशचे किंवा वंगणाचे फवारे त्या खोलीत मारलेले असतील तर लेपात गोल खळगे पडतात. हातमोजे कामभर घालावेत, कारण इपॉक्सी त्वचेला वारंवार लागत राहिली तर तिची ॲलर्जी जडते आणि ती सहसा जात नाही.

पहिला लेप धाग्यात मुरण्यापुरता पातळ द्यावा. ब्लँक फिरवत ब्रशने इपॉक्सी पसरावी. गाइडच्या पायाच्या दोन्ही अंगांना धाग्याखाली जे बोगदे राहतात ते भरले पाहिजेत, नाहीतर तिथून पाणी आत शिरते. लेप धाग्याच्या कडेपलीकडे एक-दीड मिलिमीटर जावा. दहाएक मिनिटांनी फिरवणे क्षणभर थांबवावे. खाली जो थेंब लोंबू लागेल तो ब्रशने टिपून घ्यावा आणि पुन्हा फिरवावे. उरलेल्या बुडबुड्यांवर स्पिरिटच्या दिव्याची ज्योत झर्रकन फिरवली की ते फुटतात. ज्योत एका जागी थांबवू नये.

यानंतर रॉड आडवा ठेवून फिरवत राहावे लागते. मिनिटाला ६ ते २० फेरे घेणारी छोटी मोटर असेल तर काम सुकर होते, मात्र मोटर कमी दाबाच्या विजेवर चालणारी, तयार बांधणीची असावी; उघड्या तारांची जोडणी घरात करू नये. मोटर नसेल तर सुरुवातीचा अर्धा तास दर दोनतीन मिनिटांनी आणि पुढे दोनअडीच तास दर पाचदहा मिनिटांनी रॉड अर्धा फिरवावा. लेप वाहायचा थांबला की मग तो तसाच २४ तास ठेवावा. दुसरा लेप याच पद्धतीने द्यावा. दोन पातळ लेपांनंतर धाग्याचे उंचवटे दिसेनासे होतात; एकाच जाड लेपात हे साधायला गेले की तो मध्ये फुगतो आणि कडेला पातळ पडतो. दुसऱ्या दिवशी लेप बोटाला चिकटत असेल तर खरवडण्याची घाई करू नये. बहुतेक वेळा वरून अचूक मापाचा, नीट ढवळलेला नवा पातळ लेप दिला की तो टणक होतो.

वापरण्यापूर्वी आणि नंतर

लेप एका दिवसात कोरडा लागत असला तरी त्याला पूर्ण टणक व्हायला सुमारे आठवडा द्यावा. मग पूर्वीप्रमाणेच वजन लावून रॉड पुन्हा एकदा वाकवून पाहावा आणि गाइडांच्या पायांपाशी नीट निरखावे. पायाच्या टोकाला आडवी, केसासारखी बारीक रेघ दिसली तर बहुधा लेपच तडकलेला असतो, त्याची काळजी नको. पण गाइड हलत असेल किंवा पायाच्या कडेने धागा सुटत असेल तर ते पुन्हा बांधणे भाग आहे. खाऱ्या पाण्यात वापर झाला की गाइड आणि रील सीट गोड्या पाण्याने धुवावीत. कार्बनमधून वीज वाहते, त्यामुळे विजेच्या तारांखाली किंवा आकाशात गडगडाट असताना असा रॉड बाहेर काढू नये.

गाइड बदलायचे झाले तर लेप केस वाळवायच्या यंत्राने कोमट करावा आणि ब्लेडने पायाच्या धातूवरूनच, उभ्या रेषेत, धागा चिरावा. धार धातूवर राहते, ब्लँकला लागत नाही. मग धागा कडेकडेने सोलून काढावा, ब्लँकवर राहिलेली इपॉक्सी नखाने किंवा प्लॅस्टिकच्या पट्टीने खरवडावी आणि अल्कोहोलने पुसून, कागदावर लिहून ठेवलेल्या मापावरच, नवे गाइड बांधावे.